लेयाच्या खांद्यावरचा हात

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुमचा आक्षेप असा, की 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या चित्रपटमालिकेतल्या खलनायक डार्थ वेडरला मी बिचारा बाप करून टाकलं. जेडाय योद्ध्यांच्या मंदिरातल्या चिमुरड्यांना कापून काढणाऱ्याला स्वतःची जुळी पोरं, ल्यूक आणि लेया, दुरावली, तर त्यात हळहळायचं काय? कृष्णाला गोकुळात लपवलं तेव्हा कंसासाठी कुणी रडलं का?

मुलं लपवली हे योग्यच झालं. माझ्या लेखात ते स्पष्ट यायला हवं होतं, ती चूक मान्य. ती वेडरच्या धन्याच्या, सम्राटाच्या हाती लागली असती तर त्यांचाही वेडरच झाला असता.

पण कंसाचा दाखला इथे बसत नाही. आठवा जिवंत आहे हे कंसाला कळलं होतं, म्हणून तर पूतनेला धाडलं. वेडरला आपलं मूल जगलंय हेच ठाऊक नव्हतं. रागाच्या भरात तूच तुझ्या बायकोला, पद्मेला मारलंस, असं सम्राटानं त्याला सांगितलं. नाबू या तिच्या ग्रहावरच्या अंत्ययात्रेत तर तिचं पोट गरोदरपणी असतं तसंच दिसेल असं ठेवलेलं, म्हणजे मूलही पोटातच गेलं असं जगाला वाटावं. बाळंतपणात ती दगावेल या धास्तीनं जो वाट चुकला, त्याच्या पदरी हे आलं. हे त्याच्याच कर्माचं फळ आहे, मला मान्य आहे. तरी वाईट वाटतंच. वाईट वाटणं म्हणजे माफ करणं नव्हे.

आणि खरं सांगू? माझा जीव तुटतो तो लेयासाठी. १९७७ च्या चित्रपटातला तो प्रसंग पुन्हा बघा. सम्राटाचा अधिकारी टार्किन अ‍ॅल्डरानवर मारा करायचा हुकूम देतो, लेया पुढे झेपावते, वेडर तिला मागे खेचून धरून ठेवतो. समोर तिच्या ग्रहाच्या ठिकऱ्या उडतात. तिथे तिचे आईबाप होते, बेल आणि ब्रेहा ऑर्गाना, ज्यांनी तिला तान्ही असल्यापासून वाढवलं. आणि खांद्यावर हात कुणाचा, तर जन्मदात्याचा. दोघांनाही पत्ता नाही. हे नातं पडद्यावर उघड झालं १९८३ मध्ये. तेव्हापासून मला तो हात नुसता बघवत नाही.

ल्यूकला निदान काही क्षण मिळाले. मरताना मुखवटा काढून वेडरनं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. लेयाच्या वाट्याला आला तो, बापात चांगुलपणा उरलाय असं मानणाऱ्या भावाजवळ दिलेला निरोप: तुझं बरोबर होतं, हे बहिणीला सांग. तिच्यापाशी तो बाप म्हणून कधी आलाच नाही, आणि आला असता तरी तिनं त्याला का जवळ करावं?

एंडोरच्या जंगलात वेडरची चिता पेटली, तेव्हा चितेजवळ ल्यूक एकटाच उभा होता.