आठ मिनिटांचा परकायाप्रवेश

आंघोळ घालताना बाबांनी मदतनिसाच्या कानशिलात मारली, तेव्हा मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. जन्मात कुणावर हात न उगारलेला माणूस. वाद वाढायला लागला की उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसणारा. त्या मुलाने दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं. त्याच्या जागी आलेला तीन आठवडे टिकला. मग तपासणीच्या कागदावर ‘आक्रमक’ असा शब्द आला आणि बघता बघता आम्हीही तोच वापरायला लागलो. फोनवर कुणी चौकशी केली की ठरलेलं उत्तर: हल्ली जरा आक्रमक झालेत.

त्या एका शब्दापायी आमचे सात महिने चुकीच्या दिशेने गेले. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात आज तोच शब्द वापरात असेल, म्हणून सविस्तर लिहितेय.

सात महिन्यांनी मी डिमेन्शियाच्या, म्हणजे बाबांसारख्या स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठीच्या एका प्रशिक्षणाला गेले. औषधं कशी द्यायची, उठवायचं-बसवायचं कसं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कधी बदलायची, असं काहीतरी शिकवतील या अपेक्षेने गेले होते. तेही शिकवलं, पण नंतर. आधी माझ्या बुटांत टोचणारे तळवे घातले. हातांत जाड मोजे, त्यातली दोन बोटं एकमेकांना बांधलेली. डोळ्यांवर असा चष्मा की मधोमध काळा डाग आणि बाकीचं सगळं पिवळट, धूसर. कानांवर हेडफोन. त्यात तुटक बोलणी, मधेच दार आपटल्याचा आवाज, लांबवर सायरन. शिकवणाऱ्या बाईंनी भराभर पाच कामं सांगितली, त्यातली दोन मला ऐकू आली. मग अंधुक उजेडाच्या खोलीत सोडलं आणि दार लावून घेतलं. आठ मिनिटं.

कपड्यांच्या ढिगातून पांढरा शर्ट शोधून त्याची बटणं लावायची होती. शर्ट सापडला. बटण काही बोटांना लागेना. दुसरं काम कोणतं ते आठवेना, म्हणून मी त्याच शर्टाची घडी घालत राहिले, मोडत राहिले, पुन्हा घालत राहिले. निदान हाताला काही काम होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं, आणि माझा कोपर एवढ्या जोरात मागे गेला की बाई सावध नसत्या तर त्यांच्या तोंडावरच बसला असता. त्यांनी ते मुद्दाम केलं होतं. प्रत्येकाला एकदा असं मागून धरतात. दर वेळी कुणी ना कुणी हात उचलतंच, असं त्यांनी नंतर शांतपणे सांगितलं.

मेंदू धडधाकट असताना, खेळ आहे हे माहीत असताना, आठ मिनिटांत मी ‘आक्रमक’ झाले होते.

घरी परत येताना आमच्या आंघोळीचा सगळा क्रम डोळ्यांसमोर आला. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, डोळे चांगले असले तरी मेंदू बाजूचं टिपेनासा होतो, बघण्याचा आवाका अरुंद होत जातो. किती खोल आहे याचा अंदाज जातो, काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसू शकतं. अशा माणसाच्या मागून कुणी आलं की ते त्याच्यासाठी हवेतून प्रकट होतं. आमचा मदतनीस मागून यायचा. बोलायचा ते माझ्याशी, बाबांच्या डोक्यावरून. मग अचानक वरून पाणी. समोर आरसा, आणि आरशात एक परका उघडा म्हातारा, कारण बाबा स्वतःच्या मनात चाळिशीतले ड्राफ्ट्समन होते आणि त्यांना कामावर जायची घाई होती. कुणी परका पुरुष आपले कपडे ओढतोय, दुसरा एक आरशातून बघतोय, दाराबाहेर कुणीतरी बाई उभी आहे. अशा वेळी मीही मारलं असतं.

या प्रकारच्या शिकवण्याला अमेरिकेत पी. के. बेव्हिल यांनी ‘व्हर्च्युअल डिमेन्शिया टूर’ या नावाने आकार दिला. पुढे त्यात व्हर्च्युअल रिॲलिटी आली. ‘अल्झायमर्स रिसर्च यूके’ने २०१६ मध्ये एक ॲप काढलं. पुठ्ठ्याच्या साध्या चष्म्यात मोबाइल ठेवायचा आणि दुकान, रस्ता, घर या तीन जागा डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या नजरेने बघायच्या. कॅरी शॉ यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. त्यांच्या आईला तुलनेने लवकरच्या वयात अल्झायमर झाला. आईला नक्की किती आणि कुठलं दिसत नाही हे मदतनिसांना तोंडी सांगून कळेना, तेव्हा त्यांनी चष्म्यावर चिकटपट्ट्या लावून तो त्यांना घालायला दिला. काळजीवाहकांना असे अनुभव देणारी ‘एम्बॉडीड लॅब्स’ त्यांनी पुढे उभी केली. मुळात आहे काय, तर चिकटपट्टी लावलेला चष्मा. आपल्या भाषेत परकायाप्रवेश हा शब्द कधीपासून आहे. तो शिकवता येतो, हे मात्र मला पन्नाशीत कळलं.

पण हे अनुभव घेऊन आलेली माणसं बऱ्याचदा ‘बापरे, किती भयंकर’ एवढंच म्हणत घरी जातात, आणि मला त्याची काळजी वाटते. ती नुसती भीती झाली, फार तर दया. दयेतून माणूस समोरच्याला लहान बाळ करून टाकतो. शिवाय आठ मिनिटांत फक्त गमावणं कळतं. वर्षानुवर्षं त्या आजाराबरोबर जगताना माणूस काय काय युक्त्या शोधतो, काय शाबूत ठेवतो, ते त्या खोलीत दिसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या केट स्वॉफर यांना पन्नाशीच्या आत डिमेन्शियाचं निदान झालं आणि आता काम सोडा, आवराआवर करा असे सल्ले मिळाले. त्यांनी ते ऐकले नाहीत. उलट शिक्षण पुढे चालू ठेवलं आणि २०१४ मध्ये डिमेन्शिया असलेल्यांचीच ‘डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल’ ही संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. चष्मा काढल्यावर अशा माणसांचं बोलणं ऐकवलं, तासभर चर्चा केली, ‘उद्या सकाळी तुम्ही नेमकं काय बदलणार’ हे प्रत्येकाकडून लिहून घेतलं, तरच त्या आठ मिनिटांना अर्थ. आमच्या बाईंनी ते लिहून घेतलं. मी लिहिलं होतं: आरसा.

दुसऱ्या दिवशी आरशावर चादर टाकली. शॉवर बंद करून पाणी बादलीत काढलं, सुरुवात पायांपासून. अंगावर टॉवेल तसाच ठेवून, लागेल तेवढाच भाग उघडा. नवा मदतनीस समोरून येऊन, खाली बसून, नजरेला नजर देऊन आधी बोलायचा, मग हात पुढे करायचा आणि बाबांनी तो धरण्याची वाट बघायचा. फ्रान्समध्ये इव्ह जिनेस्त आणि रोझेत मारेस्कोती यांनी घडवलेल्या ‘ह्युमॅनिट्यूड’ पद्धतीत याच चार गोष्टींवर भर आहे: नजर, बोलणं, स्पर्श आणि माणसाला शक्य तितकं त्याच्या पायांवर उभं ठेवणं. वाचायला साधं वाटतं. घाईत असलेल्या माणसाला ते अजिबात साधं नसतं. वीस मिनिटांची आंघोळ चाळीस मिनिटांवर गेली. पण मारणं थांबलं. अगदी पूर्ण नाही, दोनदा झालं नंतर. एकदा पाणी गार होतं आणि एकदा आम्ही घाई केली होती.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले अभ्यासक टॉम किटवुड हेच १९९० च्या दशकात जीव तोडून सांगत होते. ऱ्हासाचं सगळं खापर मेंदूवर फोडू नका, भोवतालच्या माणसांच्या वागण्यानेही माणूस खचतो. घाई करणं, समोर असताना तो नसल्यासारखं त्याच्याविषयी बोलणं, खोटं सांगून नेणं, करता येतं तेही हातातून काढून घेणं. त्यांची यादी वाचताना प्रत्येक ओळीला मला आमच्या घरातला एक प्रसंग आठवला. आम्ही कुणीही दुष्ट नव्हतो. आम्हाला शिकवलं नव्हतं.

‘तरी पाच मिनिटांनी विसरणारच ना’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर असलेल्यांना आधी दुःखद आणि मग आनंदी दृश्यं दाखवली. काय पाहिलं ते बऱ्याच जणांच्या लक्षात फारसं उरलं नाही, पण मनात आलेली उदासी आणि आनंद त्यानंतरही टिकून होते. म्हणजे सकाळच्या झटापटीची आठवण पुसली जाते आणि तिची भीती दुपारच्या जेवणापर्यंत अंगात राहते. मग आपण म्हणतो, कारण नसताना चिडतात.

कारण असतं. बोलता येत नसलेलं दुखणं असतं, बद्धकोष्ठ असतं. नॉर्वेतल्या शुश्रूषागृहांमधला २०११ चा एक अभ्यास आहे. अस्वस्थ, चिडचिड करणाऱ्या रुग्णांवर पद्धतशीर वेदनाशामक उपचार केले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल, आणि आठ आठवड्यांत अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. दुसरीकडे, डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक (भ्रम, अस्वस्थता दाबणाऱ्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. कधी कधी ती औषधं लागतात, हे मला माहीत आहे. डॉक्टरांना न विचारता कुणी काही बंद करू नका. पण ‘आक्रमक’ या शब्दानंतर थेट गोळी यावी आणि ‘कुठे दुखतंय का’ हा प्रश्न मधे कुणी विचारूच नये, हे मला मान्य नाही.

आता यंत्रांविषयी. आम्ही बाबांच्या खोलीत कॅमेरा लावला होता. परदेशातून दादा बघायचा. त्याला तिथून काही करता येत नव्हतं, त्याची तगमग मी समजू शकते. कॅमेऱ्याला स्पीकर होता. बाबा उठायला लागले की दादा तिकडून म्हणायचा, "बाबा, उठू नका, खाली बसा!" त्याला वाटायचं आपण त्यांना पडण्यापासून वाचवतोय. बाबांच्या बाजूने विचार करा. रिकाम्या खोलीत छतातून आवाज येतो आणि तो आपल्याला नावानिशी ओळखतो. ते वर बघत हात जोडायला लागले, तेव्हा मला वाटलं देवाचं काही चाललंय. चष्म्याचा अनुभव घेतल्यानंतर दादाशी बोलले. तो बराच वेळ गप्प होता. त्याच रात्री त्याने स्वतःच स्पीकर बंद केला, आणि पुढच्या आठवड्यात कॅमेराही काढायला सांगितला.

त्याऐवजी गादीखाली एक सेन्सर आला. बाबा उठले की मदतनिसाच्या उशाशी हलकी थरथर होते, खोलीत मंद दिवा लागतो, बस. बाबांना त्याचं काही शिकावं लागत नाही, काही अंगावर घालावं लागत नाही. मदतनिसाला रात्री झोप मिळते, आणि झोप झालेला माणूस सकाळी चाळीस मिनिटं धीराने घेऊ शकतो. यंत्राचा माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा उपयोग आहे. एकदा त्या सेन्सरच्या नोंदींत दिसलं, की दोन-तीन रात्री बाबा एकऐवजी पाच-सहा वेळा उठताहेत. दिवसा भ्रमही अचानक वाढला होता. लघवीतला संसर्ग निघाला. तो वृद्धांमध्ये असा अचानक गोंधळ वाढवून दाखवतो, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणून आम्ही तपासणीला गेलो. नाहीतर आकडे फोनमध्ये पडून राहिले असते आणि आम्ही ‘आजार वाढला’ म्हणून मोकळे झालो असतो. जीपीएसचं घड्याळ मात्र फसलं. अनोळखी वस्तू मनगटावर नको, म्हणून बाबा ते काढून टाकत. बुटाच्या तळव्यात बसणारा ट्रॅकर चालला. बूट त्यांचेच होते, जुने.

जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी बनवलेल्या ‘पारो’ या सीलच्या पिल्लासारख्या रोबोटविषयी लोक हिरीरीने भांडतात. त्याला कुरवाळून शांत होणारी माणसं आहेत, आणि शांत होणं खरं असेल तर मला त्यात कमीपणा दिसत नाही. पण तो मांडीवर ठेवून कुणी खोलीबाहेर निघून जात असेल, तर मला ते पटणार नाही.

आपल्याकडे मानसिक आजारांच्या क्षेत्रात काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. फार सुंदर शब्द, पण सुंदर शब्दाने रात्रीची झोप मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार डिमेन्शिया असलेल्या माणसासाठी जवळचे लोक दिवसाला सरासरी पाच तास देतात आणि काळजीच्या एकूण तासांपैकी ७० टक्के बायका देतात. या लोकांना शिकवणं आणि सावरणं याचा फरक मोजलेला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मेरी मिटलमन यांनी पती किंवा पत्नीची काळजी घेणाऱ्या ४०६ जणांपैकी निम्म्यांना जादा समुपदेशन आणि आधार देऊन पाहिला. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या घरची माणसं बाकीच्यांपेक्षा साधारण ५५७ दिवस उशिरा शुश्रूषागृहात गेली. दीड वर्षाहून जास्त. या गणितात कुठलंही नवं औषध नाही.

म्हणून माझं म्हणणं हे की मदतनिसांना हे प्रशिक्षण द्याच, त्या वेळेचे पैसे त्यांना द्या, आणि घरातल्या निदान एकाने त्यांच्या शेजारी बसून तेच शिका. आम्ही मदतनीस मुलाला ‘हळू घाल आंघोळ’ सांगायचो आणि दाराबाहेरून घाईही करायचो. त्याने कुणाचं ऐकायचं?

आता बाबांच्या कपाटाच्या दारावर एक कागद आहे. प्रशिक्षणातच सुचवलेला. त्यांना काय म्हणून हाक मारायची (साहेब), डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हाताला काम हवं असलं की ग्राफपेपर आणि पट्टी द्यायची, पेन्सिल टोकदारच लागते. नवा मदतनीस आला की आधी तो कागद. त्यात भर कुणीही घालू शकतं.

संध्याकाळी बाबा "आई कुठंय?" विचारतात. माझी आजी जाऊन चाळीस वर्षं झाली. आधी मी प्रत्येक वेळी खरं सांगायचे आणि प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी ती नव्याने जायची. परवा मदतनिसाने विचारलं, "साहेब, आईकडे काय काम होतं?" बाबा म्हणाले, "पांघरूण."

काल कागदावर त्याच्या अक्षरात एक ओळ वाढलेली दिसली: आईला शोधायला लागले तर आधी हात गार आहेत का बघा.