प्रथिनं भरपूर, म्हणून प्रतिकारशक्तीही भरपूर?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: पांढऱ्या पेशींची हत्यारं म्हणजे प्रथिनं. ती जितकी जास्त बनतील तितकी प्रतिकारशक्ती भक्कम. शत्रू दिसला की पेशी फुटते, विष सांडतं, काम तमाम. आणि प्रतिकारशक्ती कितीही वाढली तरी चांगलीच. शेवटी अर्थातच एका पावडरीची जाहिरात.

यातलं पहिलं वाक्य चालेल. पुढची नाही.

'पेशी फुटते' हे आधी घेऊ. मारक टी-पेशी, म्हणजे बाधित पेशींना मारणारी पांढरी पेशी, फुटत नाही. एका बाधित पेशीचा निकाल लावून ती दुसरीकडे वळते. पर्फोरिन (पडद्याला भोकं पाडणारं प्रथिन) आणि ग्रॅन्झाइम (त्यातून आत शिरून पेशी मारणारं प्रथिन) ही तिची मुख्य हत्यारं आम्लधर्मी पिशव्यांत बंद असतात. आम्लात पर्फोरिन निष्क्रिय राहतं, त्यामुळे खुद्द टी-पेशी सुरक्षित. ग्रॅन्झाइमवर बहुतांशी मॅनोज-6-फॉस्फेट या साखरेची खूण चढते आणि त्या खुणेवरून ते या पिशव्यांत रवाना होतं. बाधित पेशीशी गाठ पडली की टी-पेशीचं सेंट्रोसोम (पेशीतल्या वाहतुकीच्या रुळांचं केंद्र) त्या बाजूला सरकतं, सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे त्या रुळांवरून, पिशव्या तिकडे ओढल्या जातात आणि हत्यारं दोन पेशींमधल्या चिंचोळ्या फटीत सोडली जातात. शेजारची निरोगी पेशी सहसा वाचते. याला सांडणं कसं म्हणायचं?

'जितकी जास्त बनतील' याला उत्तर ग्रिसेली सिंड्रोम या दुर्मीळ जन्मजात आजाराच्या दुसऱ्या प्रकारात आहे. या बाळांमध्ये पर्फोरिन नीट बनतं, पिशव्याही जागेवर येतात. बिघडलेलं असतं रॅब27ए, म्हणजे पिशवीला पेशीच्या पडद्याशी टेकवणारं प्रथिन. तेच रंगपेशींनाही लागतं, म्हणून केस चंदेरी-राखाडी दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसात मेलॅनिनचे वेडेवाकडे गठ्ठे सापडतात. पिशवी उघडायला लागणारं मन्क13-4 हे प्रथिन बिघडलं तर केस नेहमीसारखेच. पिशवी टेकते, पण उघडत नाही. दोन्हीकडे साठा शाबूत, उपयोग शून्य. (पावडरीचं प्रथिन तर पोटात पचून अमिनो आम्लं होतं. कुपोषणात प्रतिकारशक्ती घटते हे खरं, पण या बिघाडाशी त्याचा संबंध नाही.)

अशा बाळांची प्रतिकारशक्ती थंड पडत असेल असं वाटेल. प्रत्यक्षात ती पेटते. टी-पेशीला मारता येत नाही, म्हणून ती बाधित पेशीला चिकटून राहते आणि इंटरफेरॉन-गॅमा हे इतर पेशींना चेतवणारं प्रथिन सोडत राहते. त्याची बाहेर पडायची वाट वेगळी, ती उघडीच असते. त्याने चेतलेले मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात. ताप हटत नाही, प्लीहा वाढते, प्लेटलेट्स घसरतात, रक्तातलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) हजारांत जातं. हाच एचएलएच (हीमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस) हा आजार. डेक्सामेथासोन आणि इटोपोसाइड ही औषधं देऊन आधी ही प्रतिकारशक्तीच दाबावी लागते, मग बोन मॅरो प्रत्यारोपण. 'कितीही वाढली तरी चांगलीच' हे त्या वॉर्डात जाऊन म्हणावं.

निदानाची एक तपासणीही बोलकी आहे. पिशवी पडद्यात मिसळली की तिच्या आतल्या बाजूचं सीडी107ए हे प्रथिन पेशीच्या बाहेर उघडं पडतं. फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी तपासणारं यंत्र, ते मोजतो. पर्फोरिन पुरेसं असूनही सीडी107ए बाहेर दिसत नसेल, तर दोष वाहतुकीत. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा जन्मजात दोषांच्या चाचण्या होतात.