आधी खटका, मग पोलाद : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रोज खिशात बाळगण्यासाठी मध्यम किमतीचा घडीचा चाकू कसा निवडावा, या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : मी पोलादाला दोनच ओळी दिल्या आणि खटक्यावर, म्हणजे पाते उघडे धरून ठेवणाऱ्या लॉकवर, पानभर लिहिले, तेवढ्याच पैशांत नवे उत्पादक डी२ हे धार दीर्घकाळ टिकवणारे कठीण पोलाद देत असताना मी व्हिक्टोरिनॉक्स आणि ओपिनेल या जुन्या चाकू-कंपन्यांची मऊ पोलादे सुचवून वाचकाला जुन्या नावांच्या मोहात पाडले, आणि लायनर लॉक हा इतर खटक्यांपेक्षा कच्चा असतो, हे माझे विधान निराधार आहे. शेवटी आपण विचारले आहे की, नुकताच घेतलेला डी२ पात्याचा आणि लायनर लॉकचा चाकू ठेवावा की परत करावा. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य असल्यामुळे तेथूनच सुरुवात करतो.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली धातूची पट्टी स्प्रिंगसारखी वाकवलेली असते. पाते पूर्ण उघडले की ती मध्ये सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून त्याला मिटू देत नाही. मायकेल वॉकर या कारागिराने १९८०च्या सुमारास ही रचना आजच्या रूपाला आणली. पात्याच्या बुडाचा जो भाग पट्टीला टेकतो, तो मुद्दाम किंचित उतरता, साधारण ७ ते ८ अंशांत, घासलेला असतो. हा उतार जास्त झाला तर दाब येताच पट्टी घसरते, आणि कमी झाला तर ती इतकी घट्ट रुतते की अंगठ्याने सोडवणे कठीण होते. खटका भरवशाचा आहे की नाही, हे या एवढ्याशा घासणीवर ठरते, खटक्याच्या जातीवर नाही. ख्रिस रीव्ह या चाकूकाराच्या सेबेंझा या चाकूत मुठीची टायटॅनियमची बाजूच पट्टीचे काम करते. तत्त्व तेच आहे, आणि तो खटका कच्चा आहे असे कोणीही म्हणणार नाही. मी जातीवरून प्रतवारी लावली, ती चूक होती. मूळ लेखातले ते वाक्य मी बदलले आहे.

परंतु खटक्याला मी दिलेले महत्त्व मात्र कमी करावे असे मला अजूनही वाटत नाही. आपण म्हणता की, कापताना येणारा दाब धारेकडून येतो आणि तो पात्याला उघडण्याच्या दिशेनेच ढकलतो, त्यामुळे खटक्यावर भार पडतच नाही. सरळ कापण्यापुरते हे अगदी बरोबर आहे. अडचण येते ती पाते अडकते तेव्हा. जाड पुठ्ठ्यात रुतलेले पाते आपण सरळ ओढत नाही, तर नकळत मनगट पिळून, वर-खाली हलवून सोडवतो. त्या हालचालीत दाब पात्याच्या पाठीवर येतो, आणि शिवाय घट्ट आवळलेल्या मुठीची बोटे पट्टीच्या कडेला ढकलू शकतात. माझ्या हाताने हे एकदा अनुभवले आहे. दुपदरी पुठ्ठ्याचे खोके फाडताना पाते अडकले, मी ते पिळून मागे घेतले आणि खटका सुटला. पात्याच्या बुडाशी जी बोथट खाच होती ती तर्जनीवर आपटली, म्हणून धार बोटापर्यंत पोहोचली नाही. नंतर भिंगातून पाहिले तेव्हा पट्टी बुडाच्या अगदी कडेला, जेमतेम केसभर टेकत होती, आणि दोन दिवसांपूर्वी मीच घातलेले तेल त्या उतारावर पसरले होते. पाते मात्र उत्तम पोलादाचे होते आणि त्याची धार त्या दिवशीही वस्तऱ्यासारखी होती.

खटकाच नसलेले, केवळ पाठीच्या स्प्रिंगवर थांबणारे चाकू लोकांनी शतकाहून अधिक काळ सुखाने वापरले, हा आपला दाखला योग्य आहे. ब्रिटनच्या कायद्यात तर असाच, ३ इंचांपर्यंत धारेचा आणि खटका नसलेला घडीचा चाकू कारण न सांगता बाळगता येतो. खटक्याच्या चाकूला ती सवलत नाही. पण त्या चाकूंच्या वापरात एक गोष्ट गृहीत असते : पाते कधीही मिटू शकते, हे हाताला ठाऊक असते. टोकाने भोसकणे, पाठीवर जोर देणे, अडकलेले पाते पिळणे, या गोष्टी तो हात करतच नाही. खटका आला की हात निर्धास्त होतो. म्हणून सुटणारा खटका हा खटका नसण्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो, आणि म्हणूनच मध्यम किमतीच्या चाकूत पैसा सर्वप्रथम तेथे गेला आहे का, ते पाहावे असे मी लिहिले.

आता पोलादाकडे येतो. दोन ओळी कमी होत्या हे खरे. तेव्हा जे लिहायला हवे होते ते येथे लिहितो. डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि साधारण १२ टक्के क्रोमियम असते, आणि त्यातून बनणारे कठीण कार्बाइडचे कण धार दीर्घकाळ टिकवतात. मात्र क्रोमियमचा मोठा वाटा त्या कणांतच अडकून पडतो, त्यामुळे टक्केवारी मोठी दिसली तरी हे पोलाद पूर्णपणे गंजरोधक ठरत नाही. घामाने ओल्या होणाऱ्या खिशात त्यावर तांबूस ठिपके पडतात. शिवाय ते कण मोठे असल्यामुळे फार पातळ धारेतून त्यांचे टवके उडू शकतात. याउलट सँडविकने विकसित केलेल्या १४सी२८एन या पोलादात कण बारीक असतात, त्यामुळे धार पातळ ठेवता येते, गंजाचा त्रास जवळजवळ नसतो आणि साध्या सहाणेवर ती काही मिनिटांत परत येते. दोन्ही चांगली पोलादे आहेत. त्यांतले कोणते ‘वरचे’, हा प्रश्न आपण काय कापता आणि धार किती वेळा लावता, हे कळल्याशिवाय सुटत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोलादाला पाणी कसे दिले आहे, म्हणजे ते तापवून-थंड करून कठीण कसे केले आहे. गंजरोधक पोलादे भट्टीत हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून, वेगाने थंड करून, मग पुन्हा कमी तापमानावर तापवावी लागतात. या क्रमात तापमान किंवा वेळ चुकली तर उत्तम पोलादही एकतर मऊ राहते किंवा ठिसूळ होते. पात्यावर कोरलेले नाव फक्त पोलादाची जात सांगते. कठीणपणा रॉकवेल मोजमापावर ५८ आहे की ६१, हे घरी तपासण्याचे साधन सामान्य ग्राहकाकडे नसते, म्हणून जो उत्पादक हा आकडा स्वतः जाहीर करतो त्याला मी झुकते माप देतो. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. कारखान्यात धार लावताना घासण्याच्या फिरत्या पट्ट्यावर कड जास्त तापली, तर धारेचा अगदी बाहेरचा थर मऊ पडतो, आणि दोन-तीन वेळा सहाणेवर घासल्यावर आतले चांगले पोलाद वर येते. त्यामुळे नव्या चाकूची पहिली धार लवकर बोथटली म्हणून पोलादाला लगेच नावे ठेवू नयेत.

तरीही, दोन चाकूंच्या कापण्यात जो फरक हाताला जाणवतो, तो बहुतेक वेळा पोलादाचा नसतो. तो धारेच्या लगेच मागे पाते किती जाड आहे, याचा असतो. शेफील्डच्या काट्रा या संस्थेच्या यंत्रावर सिलिका मिसळलेले कागद कापून धार किती टिकते ते मोजतात. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी अशा चाचण्यांतून जे मांडले आहे, त्यात पोलादाइतकाच धारेचा कोन निर्णायक दिसतो : कोन कमी केला की तेच पोलाद कितीतरी अधिक कापते. आपण केलेल्या डी२ आणि मऊ पोलादाच्या तुलनेत ही बाजू कोठेच येत नाही. धारेमागे ०.८ मिलिमीटर जाडी असलेले डी२चे पाते पुठ्ठ्यात पाचरीसारखे अडते आणि ०.४ मिलिमीटरचे साधे पोलाद सरळ उतरते, हा अनुभव कोणालाही दहा मिनिटांत घेता येईल. मोजायला व्हर्निअर कॅलिपर नसेल तर धारेची चकाकणारी पट्टी पाहावी. प्रत्येक बाजूला २० अंशांचा कोन धरला, तर ०.४ मिलिमीटर जाडीला ती पट्टी साधारण ०.६ मिलिमीटर रुंद येते आणि ०.८ला जवळपास १.२ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक स्वच्छ दिसतो.

व्हिक्टोरिनॉक्सचे पाते रॉकवेल ५६च्या आसपासचे आहे, म्हणजे आपण म्हणता तसे मऊच आहे, आणि ते डी२पेक्षा लवकर बोथटते, हे मी नाकारत नाही. पण ते पातळ घासलेले असते आणि त्याची जोडणी एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत बदलत नाही. मी नाव सुचवले ते या सातत्यासाठी, १८८४पासूनच्या इतिहासासाठी नव्हे. ओपिनेलच्या ८ क्रमांकाच्या चाकूचे साडेआठ सेंटिमीटरचे पाते तर रोजच्या कापण्यात त्याच्या कितीतरी पट किमतीच्या चाकूंना मागे टाकते, आणि १९५५पासून त्याला जोडलेली फिरती कडी हा इतका साधा खटका आहे की त्यात बिघडायला फारसे काही नाही, फक्त ती फिरवायला विसरू नये. त्याचा दोष मी लेखात लिहायला हवा होता : लाकडी मूठ ओलीने फुगते आणि मग पाते उघडता उघडत नाही. ज्यांचे हात सतत ओले असतात त्यांनी कृत्रिम मुठीचा चाकू घ्यावा. स्पायडर्को कंपनीचा डेलिका हा मला मध्यम किमतीतला सर्वांत संतुलित चाकू वाटतो, कारण त्यात चांगले पोलाद, पातळ घासणी आणि मुठीच्या पाठीत बसवलेला भक्कम खटका हे तिन्ही एकत्र येतात. तो लेखात राहून गेला, ही त्रुटी आपल्या प्रतिक्रियेमुळेच माझ्या लक्षात आली.

क्लिप, रंग, मुठीवरची नक्षी यांविषयी आपले-माझे मतभेद नाहीत. स्क्रू सर्वत्र मिळणाऱ्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) मापाचे असावेत आणि वजन शंभर ग्रॅमच्या आत असावे, एवढेच मी जोडेन. जड चाकू काही दिवसांत घरी राहू लागतो.

आता आपल्या चाकूविषयी. पाते उघडून पट्टी बुडाला कोठे टेकते ते प्रकाशात पाहा. ती बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत आत आली असेल तर उत्तम. नुसती कडेला टेकत असेल, किंवा नवा चाकू असूनही पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिडली असेल, तर ती चांगली खूण नाही. मग मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरा की एकही बोट पात्याच्या मिटण्याच्या वाटेत येणार नाही, आणि पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून हळूहळू जोर वाढवा. आपटू नका, कारण आपटण्याने चांगला खटकाही खराब होतो. पट्टी जागची हलली, तर उतारावरचे तेल पुसून पुन्हा एकदा तपासा. त्यानंतर पाते चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. तेथला थोडासा खुळखुळ पिव्होटचा, म्हणजे पाते ज्यावर फिरते तो, स्क्रू किंचित आवळून जातो, परंतु वर-खाली होणारा खुळखुळ स्क्रूने जात नाही, तो खटक्याचाच असतो. शेवटी चाकू मिटून, मुठीची पाते जेथून बाहेर येते ती फट जमिनीकडे करून झटका द्या. पाते आपोआप बाहेर डोकावता कामा नये.

तेल पुसल्यावरही पट्टी सरकत असेल किंवा वर-खाली खुळखुळ असेल, तर डी२चा मोह सोडून चाकू परत करा. चाकू या सगळ्यातून पार पडला, तर तो खुशाल ठेवा, आणि पहिल्यांदा धार लावाल तेव्हा हिऱ्याच्या पट्टीवर कोन प्रत्येक बाजूला १७-१८ अंशांपर्यंत उतरवून पाहा. टवके उडू लागले तर पुन्हा २०वर या. दिवसाअखेरी पाते पुसून कोरडे करण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी लागेल.