उसनवारी म्हणणाऱ्या काकांना

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद पेटलाय. पुण्यातल्या दुकानांत अनुवादांचे ढीग, मूळ मराठी लेखनाला जागा नाही, अनुवाद म्हणजे उसनवारी, असं काकांचं म्हणणं. आत्येभावाची पुस्ती: मराठी आता अभिजात झाली, बाहेरच्यांचं हवंय कशाला? इथे फ्रान्समध्ये, तुलूजला हे वाचताना माझं डोकं फिरतं.

ज्या फ्रेंच साहित्याचे काका गोडवे गातात, त्याचं गद्य अनुवादांवरच पोसलं गेलं. १२०० च्या सुमारास निकोला द सेनलिसने सम्राट शार्लमेनच्या स्पेनवरील स्वारीची लॅटिन बखर काउंटेस योलांदसाठी गद्यात उतरवली. यमकात बांधलेली कथा खरी नसते, असं त्याने ठणकावून सांगितलं. तोवर कथा म्हटली की बहुतेक पद्यच. पाठोपाठ विलार्दुआं या सरदाराने चौथ्या क्रुसेडची, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हकिगत थेट फ्रेंच गद्यात सांगितली. पुढे फ्रान्सच्या पाचव्या शार्ल राजासाठी निकोल ओरेमने ॲरिस्टॉटल फ्रेंचमध्ये आणला. अडणाऱ्या शब्दांची यादी अर्थासकट ग्रंथाला जोडली. वाचकाची एवढी काळजी!

आमच्या तुलूजकडची जुनी भाषा ऑक्सितान तर त्याआधीच कामाला लागली होती. बाराव्या शतकातच रोमन सम्राट जस्टिनियनचा कायदा 'लो कोदी' म्हणून तिच्या गद्यात आला. आणि आपल्या सिद्धार्थाची कथा? अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असा प्रवास करत, बार्लाम आणि जोसाफात या ख्रिस्ती संतांची होऊन तीही ऑक्सितान गद्यात पोचली. ही भाषा मागे पडली ती सत्ता पॅरिसच्या हाती गेल्यामुळे. अनुवादांनी तिचं काहीच बिघडवलं नाही.

काका लीळाचरित्र पुढे करतात. म्हाइंभटांचं गद्य अस्सल मराठी, मान्यच. पण संस्कृतात लिहिलं तर म्हाताऱ्याकोताऱ्या बायांना काय कळणार, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. योलांदसाठी लॅटिन बखर फ्रेंचमध्ये आणण्यामागे तरी वेगळं काय होतं?

'तिकडे बसून मराठीची चिंता करू नकोस,' असं काकांनी लिहिलं, ते मला फार लागलं. माझ्या मुलीला देवनागरी वाचता येत नाही. रात्री तिची फ्रेंच पुस्तकं मी मराठी करत करत तिला वाचून दाखवते, मध्येच अडते, शब्द शोधते. तिच्या वाट्याला येणारी मराठी बहुतेक एवढीच. तिला उसनी म्हणायचं असेल, तर काकांनी फोन करून मला तसं सांगावं.