चष्म्याने नंबर वाढत नाही
आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'मुलांना चष्म्याची सवय लावू नका, नंबर वाढतो. लावलाच तर कमी नंबरचा लावा. गाजर खायला द्या. अठरानंतर लेझर आहेच.' हे वाचून माझ्या बहिणीने सहावीतल्या लेकीचा चष्मा चार महिने लांबवला. पोर स्टॉपवर डोळे बारीक करून उभी असायची. बस पुढ्यात येऊन थांबेपर्यंत पाटी वाचता येत नसे. म्हणून हे लिहायला घेतलं.

'चष्म्याने नंबर वाढतो.' नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळाही वाढतो. तो प्रमाणाबाहेर लांबला की लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे साधारण अडीच-तीन नंबर. चष्मा लागतो तोच या वाढीच्या वयात, म्हणून दोष त्याच्या माथी येतो.

'कमी नंबरचा लावा.' हे तर मलेशियात ९४ मुलांवर करून पाहिलंय. निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. दोन वर्षांत पूर्ण नंबरवाल्यांचा सरासरी ०.७७ वाढला, मुद्दाम कमी दिलेल्यांचा १.००. जास्त नंबरचा चष्माही नकोच, त्यासाठी मुलांची पहिली तपासणी डोळ्यांत थेंब घालूनच करून घ्या; थेंबांनी डोळा सैल पडतो, नाहीतर नंबर उगाच जास्त निघू शकतो.

गाजराने अ जीवनसत्त्व मिळतं. लांबलेला डोळा आखूड होत नाही.

'अठरानंतर लेझर.' मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटते. लेझर फक्त कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा आकार बदलतं. चष्मा जातो, पण मागे ताणलेला पडदा तसाच राहतो. मायनस सहाच्या पुढे पडदा सुटण्याचा, काचबिंदूचा धोका बराच वाढतो आणि लेझरनंतरही तो टळत नाही. शिवाय नंबर जितक्या लहान वयात लागतो, तितका तो पुढे जास्त चढतो. म्हणून आठव्या-दहाव्या वर्षी वाया घालवलेलं एकेक वर्ष महागात पडतं.

मेसेजमध्ये नाही ते मोकळ्या उजेडाचं. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत नव्याने नंबर लागलेली मुलं ३०.४ टक्के, इतर शाळांत ३९.५. नंबर आधीच लागलेल्यांना मात्र तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्यासाठी नंबर चढण्याचा वेग कमी करणारे कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिन या औषधाचे थेंब, खास भिंगं आहेत, ती डॉक्टरांना विचारून.

भाचीला आता पूर्ण नंबरचा चष्मा आहे. पाचचा क्लास सातवर नेलाय आणि धाकट्या भावाला घेऊन ती ऊन असेपर्यंत तळजाई टेकडीवर असते. त्याला अजून नंबर नाही.