‘लक्षणे नाहीत’ लिहिलं की झाली तपासणी?

आज एका टीबी रुग्णाच्या घरातल्या सहवासितांचा तक्ता पाहिला आणि डोकं फिरलं. घरात पाच माणसं. पाचही ओळींत एकाच पेनानं ‘लक्षणे नाहीत’. रुग्णाला फोन लावला, ‘घरात कुणाला खोकला?’ विचारलं, तो ‘नाही’ म्हणाला, संपलं!

अहो, ताप, घटणारं वजन, रात्रीचा घाम, हेही विचारायचं असतं, आणि तेही ज्याचं त्याला, एकेकट्याला. लग्न ठरायचंय ती मुलगी चारचौघांत खोकला कबूल करेल? आणि काहीच होत नसलं तरी छातीचा एक्स-रे काढायचाच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेले ४२.६ टक्के रुग्ण एक्स-रे नसता तर सुटले असते. एक्स-रेत संशय आला की थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीला. तिथेही डबीत लाळ येते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीतून काढलेला बेडका हवा, किमान दोन मिली. आणि उघड्यावर, बंद खोलीत नाही.

त्या पाचांत एक चार वर्षांचं पोर आहे. त्याच्यापुढेही ‘लक्षणे नाहीत’, आणि वजनाचा रकाना कोरा! खरा संताप इथे येतो. पाचाखालच्या मुलाचं खेळणं कमी झालंय का, वजन अडलंय का, हे बघायचं. आजार नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध लगेच सुरू. त्या वयात संसर्गाच्या, म्हणजे जंतू अंगात शिरलेत का या चाचणीसाठी थांबायचं नाही. ते औषध आयसोनियाझिड असेल तर रोज, सहा महिने, किलोमागे १० मिलिग्रॅम. वजनच नाही तर मात्रा काय अंदाजानं ठरवणार? आणि खात्री न करता दिलं तर तेही वाईट, आत आजार असेल तर एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात. रुग्णाचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल तर घरच्यांचं औषधही वेगळं, म्हणून आधी त्याचा रिपोर्ट बघा.

बरं, आशाताईंच्या डोक्यावर दहा सर्व्हे आहेत आणि एक्स-रे तालुक्याला, मान्य. वजनकाटा तर गावात आहे ना?

घरच्यांना दोष देववत नाही. धडधाकट माणसानं गोळ्या का खाव्यात, हे त्यांना कुणी बसून सांगतच नाही. मोठ्यांना आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घ्यायचं प्रतिबंधक औषध आहे. त्यातल्या रिफापेंटिननं लघवी नारिंगी होते. आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून गोळ्या फेकतो. ते चालतं हे सांगा. पण उलट्या, मेलेली भूक, पिवळे डोळे दिसले तर गोळी थांबवून थेट दवाखाना, हेही सांगा.

आणि एकदा जाऊन भागत नाही. संसर्गानंतरची पहिली दोन वर्षं सगळ्यात धोक्याची, तेव्हा पुन्हा पुन्हा जायला हवं. तेही दुपारी बाराला नको. तेव्हा म्हातारी तेवढी भेटते. एमआयडीसीत शिफ्ट करणारा मुलगा रविवारीच घरी असतो.