28 अँपिअरची पहाट

नरक चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी आंघोळ केली नाही तर नरकात जावं लागतं म्हणतात. आमच्या घरी ती करायची तर आधी जिन्यात जावं लागतं. जुनी इमारत, गिझर आणि स्वयंपाकघर एकाच 16 अँपिअरच्या एमसीबीवर (जास्त वीज ओढली की आपोआप पडून प्रवाह तोडणारं बटण), आणि तो एमसीबी दाराबाहेर, स्टुलाशिवाय हात पुरणार नाही इतका वर.

यंदा पाहुणे आले आणि पहाटे पाचला गिझर, पोह्यांसाठी इंडक्शन, चहाची किटली आणि नव्या कुर्त्यांवर इस्त्री असं सगळं एकदम सुरू झालं. 2000, 2000, 1500 आणि 1000. बेरीज 6500 वॅट. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे 28 अँपिअर. शाळेत हे गणित आलं की गुण मिळायचे. घरात सांगितलं तर आत्या म्हणाली, "सणासुदीला अपशकुनी बोलू नकोस."

एमसीबी मोठा सोशिक. इतका भार आला तरी लगेच पडत नाही. आतली धातूची पट्टी तापून वाकली की मग पडतो, आणि त्याला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस अंगभर उटणं फासून डोळे मिटून बसलेला असतो.

तिसऱ्यांदा अंधार झाल्यावर काकांनी रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजणारा मल्टिमीटर काढला. "व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, की वॅट हजर! कोण किती खातंय ते आत्ता कळेल." सुरुवात देवघरातल्या 60 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बपासून. हिशेबाने त्याचा रोध 882 ओहम यायला हवा. मीटरने दाखवला 65. काकांनी 230 चा वर्ग केला, 65 ने भागलं आणि जाहीर केलं, "हा बल्ब 814 वॅट ओढतो! चोर देवघरातच आहे."

टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो, पेटून पांढरी झाली की तो दहा-पंधरा पट वाढतो, आणि 60 वॅट हे पेटल्यानंतरचे. हे मी समजावत होतो तोवर आईने बल्ब काढून समई लावलीसुद्धा. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहमने 1827 मध्ये रोधाचा आपला नियम छापला तेव्हा त्याच्याही देशात त्याचं कुणी फारसं ऐकलं नव्हतं. विज्ञानातलं मानाचं कॉप्ले पदक मिळालं ते 1841 मध्ये, तेही लंडनहून. आमच्याकडे पदक द्यायला लंडनचे कुणी आले नव्हते.

"आमच्या वेळी बंब होता," आत्या म्हणाली. "चार लाकडं घातली की सगळ्या आळीच्या आंघोळी." बंबाला अँपिअर लागत नाहीत, हे मात्र खरं.

शेवटी मी किटली आणि इस्त्री यांची बटणं बंद करून त्यांच्यासमोर उभा राहिलो. उरले 4000 वॅट, म्हणजे 17.4 अँपिअर. सोळापेक्षा जास्तच, पण एवढ्या किरकोळ उधारीवर एमसीबी तासभर तरी कुरकुर करत नाही. दोन आंघोळी झाल्या, पोहे उतरले. तेवढ्यात काका मल्टिमीटर घेऊन गिझरकडे निघाले. आत्याने दंड धरून त्यांना पाटावर बसवलं आणि टाळूवर तेल थापत म्हणाली, "हलशील तर बघ."